रात्री लावलेलं सामूहिक इन्स्टॉलेशन सकाळी अर्धवट सापडतं तेव्हा: तपासण्यांचा क्रम

संध्याकाळी चाळीस मशीनं नेटवर्क बूटवर (म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून इन्स्टॉलर उचलायला) लावायची, खोलीला कुलूप घालायचं आणि सकाळी तयार माल उचलायला यायचं, असा बेत असतो. सकाळी दार उघडलं की सव्वीस मशीनांवर लॉगिनचा चौकोन. नऊ मशीनं काळ्या स्क्रीनवर एकच ओळ दाखवत थिजलेली. चार ‘तुमची भाषा कोणती?’ असं विचारत रात्रभर ताटकळलेली. आणि कोपऱ्यातलं एक, सगळ्यांत कामसू, पहाटेपर्यंत स्वतःला सहाव्यांदा फॉरमॅट करत असलेलं.

हे मी बरीच वर्षं निस्तरतो आहे. सुरुवातीला दर वेळी उत्तरांच्या फाईलवर (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं जिच्यात आधीच लिहून ठेवतात तिच्यावर) संशय घ्यायचो, कारण ती मीच लिहिलेली असायची. आता तिथून सुरुवात करत नाही. जी फाईल सव्वीस मशीनांवर बिनबोभाट चालली, ती उरलेल्या चौदांवर बहुधा तेवढीच बरोबर असते. फरक असतो तो केबल, स्विच, फर्मवेअर नाहीतर वेळेत.

मुळात एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. या प्रवासात मशीन आयपी पत्ता एकदाच मागत नाही. पहिल्यांदा मागतं ते नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर (हार्डवेअरमध्येच भरलेला प्रोग्रॅम), म्हणजे नेटवर्कवरून बूट करणारं पीएक्सई. मग काही बूटलोडर (कर्नल उचलून सुरू करणारे छोटे प्रोग्रॅम) स्वतःसाठी पुन्हा मागतात. त्यानंतर इन्स्टॉलरचा कर्नल, किंवा विंडोजच्या बाबतीत विंडोज पीई (सेटअप चालवणारं छोटं विंडोज), आपला ड्रायव्हर चढवून सगळं पहिल्यापासून मागतो. दर वेळी मागणारा वेगळा, त्याचा ड्रायव्हर वेगळा आणि वाट बघण्याची तयारीही वेगळी. म्हणून ‘आत्ताच तर फाईल आली, म्हणजे नेटवर्क ठीक आहे’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. गाडी कितव्या मागणीला अडली ते आधी शोधायचं.

लक्षणं

स्क्रीनवर जे दिसतं त्याचा साधारण अर्थ असा:

- पीएक्सई-ई६१, ‘मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल’: कार्डाला समोर कोणी जोडलेलं आहे असंच वाटत नाही.
- पीएक्सई-ई५१, युईएफआयवर (बायोसच्या जागी आलेल्या नव्या फर्मवेअरवर) ई१६: पत्ता मागितला, पण डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून) एकही प्रस्ताव आला नाही.
- पीएक्सई-ई५३: पत्ता मिळाला, पण कोणती फाईल उचलायची ते कोणी सांगितलं नाही.
- पीएक्सई-ई३२: फाईलचं नाव कळलं, पण टीएफटीपी सर्व्हर (बूटच्या फाईली देणारा) उत्तर देत नाही.
- पीएक्सई-टी०१: सर्व्हर बोलतो आहे, पण म्हणतो आहे की अशी फाईल माझ्याकडे नाही.
- इन्स्टॉलर सुरू होतो आणि मग तोच सांगतो की नेटवर्क मिळालं नाही. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर ‘ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट’च्या ओळी येत राहतात आणि शेवटी आणीबाणीचं शेल उघडतं.
- इन्स्टॉलर भाषा, कीबोर्ड, मशीनचं नाव किंवा डिस्क विचारत थांबतो.
- सगळं नीट होतं, मशीन रीबूट होतं आणि इन्स्टॉलेशन पुन्हा पहिल्यापासून सुरू.
- दर रात्री वेगळीच मशीनं अडकतात. हे सर्वांत त्रासदायक.

आधी फोटो, मग अदलाबदल

खर्च शून्य, म्हणून पहिल्यांदा हेच. अडकलेल्या प्रत्येक मशीनच्या स्क्रीनचा फोटो काढा आणि मगच रीस्टार्टचं बटण दाबा. मी स्वतः घाईत बटण दाबून पुरावा घालवला आहे आणि मग तीच चूक पुन्हा घडायची वाट बघत दुसरी रात्र काढली आहे.

मग एक चालणारं आणि एक न चालणारं मशीन उचलून जागा बदला. केबल जागेवरच राहू द्या. बिघाड मशीनबरोबर गेला तर फर्मवेअर, रॅम, डिस्क बघायची. जागेवरच राहिला तर केबल, पोर्ट, स्विच. आणि अदलाबदलीनंतर दोन्ही चालली, तर दोष वेळेचा किंवा गर्दीचा. दहा मिनिटांच्या या उचलाउचलीने पुढच्या निम्म्या तपासण्या वाचतात.

सर्व्हरचा लॉग काय म्हणतो?

अडकलेलं मशीन सर्व्हरपर्यंत पोहोचलं होतं का, हे तिन्ही लॉगांत बघता येतं: डीएचसीपीचा, टीएफटीपीचा आणि उत्तरांची फाईल ज्या वेब सर्व्हरवर ठेवली आहे त्याचा. मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा कायमचा क्रमांक) घ्या आणि शोधा.

वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये उत्तरांच्या फाईलची मागणी आलेलीच नसेल, तर फाईलमधल्या ओळी तपासत बसण्यात अर्थ नाही. ती कोणी वाचलेलीच नाही. मागणी आली पण ४०४ (‘फाईल सापडली नाही’) परत गेला असेल, तर पत्ता चुकला आहे. २०० गेला असेल, तर फाईल पोहोचली आणि दोष पुढे आहे. तीन आकड्यांत निकाल लागतो. तरीही बहुतेक जण इथे सर्वांत शेवटी येतात, का कोण जाणे.

याच लॉगमध्ये अजून एक मासला दिसतो. यूएसबीचं एकच नेटवर्क अडॅप्टर किंवा डॉक पाच लॅपटॉपांना आळीपाळीने लावलं, तर मॅक पत्ता बहुधा अडॅप्टरचा जातो. सर्व्हरच्या दृष्टीने ते एकच मशीन. मग ‘याचं इन्स्टॉलेशन झालेलं आहे’ असं ठरवून तो दुसऱ्या लॅपटॉपला थेट डिस्कवरून बूट करायला पाठवतो. अशा ठिकाणी ओळख मॅकवर न ठेवता मशीनच्या सीरियल नंबरवर किंवा यूयूआयडीवर (फर्मवेअरमधल्या ओळख क्रमांकावर) ठेवावी.

केबल आणि पोर्ट

केबल बदलून बघा, वाकवून नाही. चार जोड्यांपैकी एक जोडी तुटली तर गिगाबिटचा दुवा अनेकदा निमूट १०० मेगाबिटवर उतरतो. दिवा लागतो, बूटही होतो, फक्त सगळं दहापट सावकाश चालतं आणि मोठी फाईल उतरवताना कुठेतरी टाइमआउट होतो. स्विचच्या पोर्टावरच्या दिव्याचा रंग किंवा दुव्याचा वेग बघितला की लगेच कळतं.

फर्मवेअरच्या सेटिंग्ज

एकाच मॉडेलची, एकाच खेपेची मशीनं असली तरी सेटिंग्ज एकसारख्या असतील असं गृहीत धरू नका. मधल्या काळात कोणीतरी एखाद्यात हात घातलेला असतो. चार गोष्टी बघायच्या.

एक, युईएफआयचा नेटवर्क स्टॅक चालू आहे ना आणि आयपीव्ही४ वरून पीएक्सई निवडलं आहे ना. काही मशीनं आधी आयपीव्ही६ वर प्रयत्न करतात. तो फसेपर्यंत मिनिटभर जातं आणि आपल्याला मशीन मेल्यासारखं वाटतं.

दोन, सिक्युअर बूट, म्हणजे सही तपासूनच प्रोग्रॅम सुरू करू देणारी सोय. तो चालू असेल तर पहिली फाईल विश्वासातल्या सहीची हवी. लिनक्स वितरणांत त्यासाठी शिम नावाचा सही केलेला छोटा प्रोग्रॅम असतो. शिम ग्रब या बूटलोडरला तपासतं आणि ग्रब कर्नलला. स्वतः बांधलेलं आयपीएक्सई (नेटवर्क बूटचा दुसरा एक बूटलोडर) तिथे दारातच अडवलं जातं, आणि कित्येक फर्मवेअर कारण न सांगता पुढच्या बूट पर्यायावर निघून जातात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की नेटवर्कचा घोळ आहे.

तीन, घड्याळ. कपाटात पडून राहिलेल्या मशीनची बटण-बॅटरी संपलेली असते आणि तारीख काही वर्षं मागे गेलेली असते. मग एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र ‘अजून वैध झालेलं नाही’ असं ठरतं, डेबियन-उबुंटूत पॅकेजांची रिलीज फाईल भविष्यातली म्हणून नाकारली जाते. एरर मात्र ‘मिरर चुकीचा आहे’ अशा धर्तीचा येतो. जुन्या मशीनांच्या ढिगात हे मला इतक्यांदा भेटलं आहे की आता मी सुट्टे सेल खिशात घेऊनच जातो.

चार, डिस्कचा मोड. डिस्क सांभाळणारा कंट्रोलर रेड किंवा व्हीएमडी मोडमध्ये असेल तर विंडोजच्या सेटअपला एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही. एकतर त्याचा ड्रायव्हर बूट इमेजमध्ये (नेटवर्कवरून उतरणाऱ्या विंडोज पीईत) घाला, नाहीतर मोड एएचसीआय, म्हणजे साधा, करा. पण आधीच विंडोज असलेल्या आणि ते ठेवायच्या मशीनवर हा मोड सहज म्हणून बदलू नका. पुढच्या वेळी ते बूटच होणार नाही.

पुन्हा पुन्हा फॉरमॅट होणारं मशीन

याचं कारण साधं आहे. बूटच्या क्रमात नेटवर्क पहिलं आहे आणि सर्व्हर प्रत्येक वेळी प्रेमाने इन्स्टॉलरच वाढतो. मशीन आज्ञाधारक आहे, दोष आपला. मेनूचा डीफॉल्ट पर्याय ‘डिस्कवरून बूट’ हा ठेवा आणि ज्यांचं इन्स्टॉलेशन करायचं त्यांच्याच नावाची फाईल सर्व्हरवर बनवा; इन्स्टॉलेशनच्या शेवटच्या स्क्रिप्टने सर्व्हरला कळवून ती काढून टाकावी. कॉबलरसारख्या, नेटवर्क इन्स्टॉलेशन सांभाळणाऱ्या साधनांत यासाठी तयार सोय आहे.

पीएक्सईलिनक्स हा बूटलोडर वापरत असाल तर फाईलच्या नावात एक खोच आहे. मॅक पत्त्याच्या आधी ‘०१-’ लागतं (इथरनेटचा प्रकार क्रमांक), अक्षरं लहान लिपीतली हवीत आणि मध्ये कोलनऐवजी आडव्या रेघा. ती फाईल सापडली नाही तर तो आयपी पत्ता षोडशमान पद्धतीत लिहून शोधतो, इथे मात्र मोठी अक्षरं. मग शेवटचा एकेक अंक गाळत जातो आणि अखेरीस ‘डीफॉल्ट’ नावाची फाईल घेतो. मॅक मोठ्या अक्षरांत लिहिला की मशीन गुपचूप डीफॉल्टवर जातं. डीफॉल्टमध्ये इन्स्टॉलर असेल तर काय होतं ते वर सांगितलंच.

पत्ते संपले का?

‘पहिली तीसेक मशीनं झाली, मग एकही होईना’ असं ऐकलं की मी आधी पूल, म्हणजे डीएचसीपीकडे वाटायला असलेला पत्त्यांचा साठा, बघतो. फर्मवेअर, बूटलोडर आणि इन्स्टॉलर हे तिघे डीएचसीपीला आपली ओळख वेगवेगळी देऊ शकतात. कोणी यूयूआयडीवरून, कोणी मॅकवरून, कोणी डीयूआयडी नावाच्या वेगळ्या ओळखीवरून. सर्व्हरला ते तीन वेगळे पाहुणे वाटतात आणि प्रत्येकाला तो वेगळी खोली देतो. चाळीस मशीनं शंभरावर पत्ते अडवून बसतात आणि लीझ (पत्ता राखून ठेवण्याची मुदत) आठ दिवसांची असेल तर ते पुढच्या आठवड्यातच सुटतात.

इन्स्टॉलेशनच्या नेटवर्कवर लीझ अर्ध्या तासाची ठेवा आणि पूल मशीनांच्या तिपटीहून मोठा ठेवा. पत्ते फुकट असतात, रात्र नसते.

दुसरा डीएचसीपी

काही मशीनं चालतात, काही नाही, आणि दर वेळी वेगळी: हे बघितलं की त्याच नेटवर्कवर कोणीतरी दुसरा डीएचसीपी वाटप करत बसला असावा. कोणीतरी आणून जोडलेला वायफाय राउटर, एखादं व्हर्च्युअल मशीन, किंवा मागच्या प्रयोगातला विसरलेला सर्व्हर. ज्याचं उत्तर आधी पोहोचेल किंवा फर्मवेअरला आवडेल ते चालतं. घुसखोराने पत्ता दिला तर बूट फाईलचं नाव येत नाही आणि ई५३ दिसतो.

खात्री करायला सर्व्हरवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरचं बोलणं टिपणारं साधन) लावून ६७ आणि ६८ या पोर्टांवरचं बोलणं ऐका. प्रस्तावांचं पाकीट थेट मागणाऱ्याकडे गेलं तर सर्व्हरवर दिसत नाही, म्हणून दुसरा एक लॅपटॉप त्याच व्हीलॅनमध्ये (स्विचवर आखलेल्या त्याच नेटवर्क विभागात) लावून त्यावरून पत्ता मागून बघणं अधिक खात्रीचं. प्रस्ताव दोन वेगवेगळ्या सर्व्हरांकडून आले, की चोर सापडला.

तीस सेकंदांची गोष्ट

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली तो मुद्दा. पीएक्सई नीट झालं, कर्नल उतरला, इन्स्टॉलर उभा राहिला आणि मग तोच म्हणतो ‘नेटवर्क नाही’. मला भेटलेल्या अशा तक्रारींपैकी बहुतेकांच्या मुळाशी स्विचचं स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधलं वेटोळं टाळणारी यंत्रणा) होतं.

पोर्टावर दुवा जिवंत झाला की जुन्या पद्धतीचं स्पॅनिंग ट्री लगेच पाकिटं सोडत नाही. आधी १५ सेकंद ऐकतं, मग १५ सेकंद शिकतं, नेटवर्कमध्ये कुठे वेटोळं तर झालं नाही ना हे बघायला. म्हणजे तीस सेकंद दिवा लागलेला असतो, पण पलीकडे काहीच जात नाही. जुन्या पीएक्सईची रचना सोशीक आहे: ते अनुक्रमे ४, ८, १६ आणि ३२ सेकंद थांबून मागतं, मिळून मिनिटभर. त्यामुळे ते रडतखडत निभावून नेतं. पण कर्नलचा ड्रायव्हर कार्ड नव्याने सुरू करतो तेव्हा दुवा क्षणभर तुटतो. स्विचसाठी हा नवा पाहुणा, घड्याळ पुन्हा शून्यावर. आणि इन्स्टॉलर तितका सोशीक नसतो. डेबियनचा इन्स्टॉलर दुव्याची वाट मुळात ३ सेकंदच बघतो.

जलद स्पॅनिंग ट्री असलेल्या स्विचवरसुद्धा, टोकाचा पोर्ट म्हणून जाहीर न केलेल्या पोर्टावर हीच वाट बघावी लागते, कारण समोरचं मशीन त्याच्याशी ती भाषा बोलतच नाही.

ओळखायची युक्ती स्वस्त आहे. मशीन आणि भिंतीतल्या पोर्टाच्या मध्ये एक साधा, सेटिंग्ज नसलेला, चार-पाच पोर्टांचा स्विच ठेवा. आता मशीनचा दुवा तुटला तरी छोट्या स्विचचा मोठ्या स्विचशी असलेला दुवा तुटत नाही, म्हणून घड्याळ पुन्हा सुरू होत नाही. छोट्या स्विचसह चालतं आणि त्याच्याशिवाय अडतं, तर निदान झालं. (नेटवर्क सांभाळणाऱ्याला विचारून लावा. काही ठिकाणी असा स्विच दिसला की पोर्ट आपोआप बंद पडतो.)

उपाय दोन. खरा उपाय स्विचवर: ज्या पोर्टांना फक्त मशीनं जोडतात ते टोकाचे पोर्ट म्हणून जाहीर करायचे; सिस्कोच्या भाषेत पोर्टफास्ट. स्विचला जोडणाऱ्या पोर्टांवर हे चुकूनही करायचं नाही, वेटोळं झालं तर सगळं नेटवर्क आडवं होईल. स्विचला हात लावायची मुभा नसेल तर दुसरा उपाय इन्स्टॉलरला धीर शिकवण्याचा. डेबियनमध्ये दुव्याची आणि डीएचसीपीची वाट बघण्याची मुदत वाढवता येते, रेड हॅट घराण्यात ड्रॅकटच्या (बूटच्या सुरुवातीची तयारी करणाऱ्या साधनाच्या) नेटवर्क टाइमआउटच्या सेटिंग्ज आहेत. मात्र हे सगळं कर्नलच्या बूट ओळीवर द्यायचं. उत्तरांच्या फाईलमध्ये लिहून उपयोग नाही, कारण ती आणायलाच नेटवर्क हवं आहे. ही चूक मी दोनदा केली आहे. दुसऱ्यांदा तर पहिलीची आठवण असतानाही.

बूट फाईल आणि टीएफटीपी

पत्ता मिळतो पण पुढे सरकत नाही, अशा वेळी बघायचं की मशीनला त्याच्या जातीची फाईल मिळते आहे का. जुन्या बायोसला जी फाईल चालते ती युईएफआयला चालत नाही आणि उलटही नाही. मशीन आपली जात डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या पर्यायात सांगतं: ० म्हणजे बायोस, ७ म्हणजे प्रत्यक्षात ६४ बिटी युईएफआय (काही जण ९ पाठवतात), ११ म्हणजे ६४ बिटी आर्म. सर्व्हरने हे वाचून फाईल द्यायला हवी. ६६ आणि ६७ या पर्यायांत एकच नाव ठोकून दिलं असेल, तर दोन पिढ्यांची मशीनं एकत्र आली की अर्धी पडणारच.

ई३२ येत असेल तर फायरवॉल बघा. टीएफटीपीची पहिली हाक ६९ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टावर जाते, पण सर्व्हर उत्तर देतो ते भलत्याच, नव्याने निवडलेल्या पोर्टावरून. फक्त ६९ उघडून भागत नाही.

आणि टीएफटीपीवर मोठ्या फाईली लादू नका. तो मुळात ५१२ बाइटचा एकेक घास भरवतो आणि प्रत्येक घासाला ‘मिळाला’ असा निरोप येईपर्यंत थांबतो. जाऊन-येऊन एक मिलिसेकंद धरला तरी सेकंदाला अर्धा एमबी. १०० एमबीच्या इनिटआरडीला (कर्नलबरोबर उतरणाऱ्या सुरुवातीच्या फाईलसंचाला) तीन मिनिटांहून जास्त. शिवाय घासांचा क्रमांक १६ बिटी असल्याने ५१२ च्या मापात सुमारे ३२ एमबीपुढे मोजणी उलटते, आणि काही जुनी फर्मवेअर तिथे अडखळतात. घासाचं माप १४६८ केलं की ते नेहमीच्या १५०० च्या पाकिटात नेमकं बसतं. त्याहून बरं म्हणजे टीएफटीपीने फक्त छोटा बूटलोडर द्यावा आणि बाकी सगळं एचटीटीपीवरून आणावं.

आता उत्तरांची फाईल

इथपर्यंत आलात तर आता ती उघडायला हरकत नाही.

डेबियनचा इन्स्टॉलर भाषा आणि कीबोर्ड विचारत थांबला तर बहुधा प्रीसीडमध्ये (डेबियनच्या उत्तरांच्या फाईलमध्ये) चूक नसते. ती फाईल नेटवर्कवरून येते आणि हे प्रश्न नेटवर्कच्या आधी येतात. बूट ओळीवर ‘ऑटो’ चालू केलं की ते प्रश्न पुढे ढकलले जातात. मशीनचं नाव आणि डोमेन मात्र नेटवर्क जुळवतानाच विचारतात, म्हणून ती बूट ओळीवरच द्या. प्रीसीडच्या ओळीत प्रकार आणि उत्तर यांच्या मध्ये एकच जागा सोडायची. दोन सोडल्या तर दुसरी उत्तराचा भाग होते. डोळ्यांना हे दिसत नाही. डेबकॉन्फचं तपासणारं साधन फाईलची मांडणी चुकली असेल तर सांगतं, पण असली जागा त्याच्या दृष्टीने चूक नसते.

उबुंटू सर्व्हरच्या ऑटोइन्स्टॉलमध्ये तीन सापळे. युझर-डेटाबरोबर (ही तिथली उत्तरांची फाईल) मेटा-डेटा नावाची फाईल लागते. रिकामी चालते, पण हवी. युझर-डेटाची पहिली ओळ ‘क्लाउड-कॉन्फिग’ची खूण असलीच पाहिजे. आणि ग्रबच्या ओळीत पत्त्याआधी येणारा अर्धविराम अवतरणात बांधला नाही, तर ग्रब ओळ तिथेच संपली असं समजतो आणि पुढचा पत्ता हवेत जातो. याशिवाय बूट ओळीवर ‘ऑटोइन्स्टॉल’ हा शब्द नसेल तर डिस्क पुसण्याआधी तो थांबून विचारतो. ही सोय आहे, दोष नव्हे. नेटवर्क बूटमध्ये अख्खी आयएसओ रॅममध्ये उतरते हेही विसरू नका. कमी रॅमची मशीनं ‘जागा शिल्लक नाही’ म्हणून पडतात आणि लोक डिस्क तपासत बसतात.

रेड हॅट घराण्यात किकस्टार्टची फाईल (तिथली उत्तरांची फाईल) केएसव्हॅलिडेटर या तपासणाऱ्या साधनातून काढा. एखादी आवश्यक सूचना राहिली की इन्स्टॉलर तिथे थांबून माणसाची वाट बघतो.

विंडोजचा सेटअप अडला तर शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडा. तिथे आयपीकॉन्फिगने एकही कार्ड दाखवलं नाही, तर बूट इमेजमध्ये नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नाही. कार्ड दिसत असेल तर पँथर फोल्डरमधले सेटअपअॅक्ट आणि सेटअपएर हे लॉग वाचा. उत्तरांच्या फाईलमध्ये घटकाचा प्रोसेसर प्रकार इमेजशी जुळत नसेल तर तो घटक वापरला जात नाही. घटक चुकीच्या टप्प्यात लिहिला तरी तेच. आणखी एक छुपं कारण: आधी तयार केलेल्या मशीनची इमेज (डिस्कची जशीच्या तशी प्रत) पकडली असेल, तर तिच्या पँथर फोल्डरमध्ये जुनी उत्तरांची फाईल राहून गेलेली असते, आणि शोधण्याच्या क्रमात ती पेनड्राइव्हवरच्या नव्या फाईलच्या आधी येते.

फाईल कोणतीही असो, ती चॅटमधून चिकटवली असेल तर वळलेली अवतरणचिन्हं शोधा. लिनक्ससाठीची फाईल विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिली असेल तर ओळींचे शेवट तपासा. आणि ही फाईल नेटवर्कवरचं कोणीही वाचू शकतं, म्हणून तिच्यात पासवर्ड उघडा लिहू नका.

डिस्कचं नाव

हे शेवटी ठेवलं, कारण चूक महागात पडते. फाईलमध्ये ‘एसडीए’ (लिनक्समधलं पहिल्या डिस्कचं नेहमीचं नाव) लिहिलेलं असतं. नव्या मशीनात डिस्कचं नाव एनव्हीएमईवालं असतं आणि इन्स्टॉलर डिस्क विचारत थांबतो. थांबला तर नशीब म्हणायचं. एखाद्या मशीनला पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क लावलेली राहिली आणि तीच एसडीए ठरली, तर तो न विचारता तिलाच पुसतो. विंडोजमध्ये ‘डिस्क शून्य’ बाबतही हेच. आधी सगळ्या मशीनांच्या मागे हात फिरवून यूएसबी काढा. मग फाईलमध्ये नाव ठोकण्याऐवजी डिस्क आकारावरून, मॉडेलवरून किंवा जोडणीच्या मार्गावरून निवडा.

गर्दी

एकटं लावलं की चालतं, चाळीस लावली की पडतात, तर आधी हिशेब करा. प्रत्येकी ४ जीबी धरले तर १६० जीबी. सर्व्हरचा एक गिगाबिटचा दुवा सेकंदाला फार तर ११५ एमबीच्या आसपास देतो, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी तेवीस-चोवीस मिनिटं. या काळात कोणाचा ना कोणाचा टाइमआउट होतोच. दहा-दहाच्या तुकड्या करा, पॅकेजांसाठी जवळ कॅशे ठेवा. माझ्या अनुभवात तुकड्या करणं हा मल्टिकास्टपेक्षा (एकच प्रवाह सगळ्यांना एकदम पाठवण्यापेक्षा) कमी डोकेदुखीचा मार्ग आहे, कारण मल्टिकास्ट नीट चालायला पुन्हा स्विचचीच मर्जी लागते.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

चुकीची डिस्क पुसली गेली हे लक्षात आलं, तर त्या क्षणी मशीनची वीज काढा. ‘परत एकदा बूट करून बघू’ नको, कुठलंही मोफत रिकव्हरी साधन त्याच डिस्कवर उतरवणं नको. जितकं कमी लिहिलं जाईल तितका परत मिळण्याचा संभव जास्त. डेटा मोलाचा असेल तर ती डिस्क थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे द्या.

डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या एन्क्रिप्शनने) बंद असेल आणि रिकव्हरी की कोणाकडे आहे ते माहीत नसेल, तर फर्मवेअरमधलं काहीही बदलण्याआधी थांबा. फर्मवेअरला पासवर्ड असेल तर तो मोडायच्या भानगडीत न पडता ज्यांच्या ताब्यात मशीन आहे त्यांना विचारा.

तेच मशीन, तेच इन्स्टॉलेशन, पण दर वेळी वेगळ्याच ठिकाणी कोसळतं: हे रॅमचं लक्षण. मेमटेस्ट रात्रभर लावा. एक जरी चूक दाखवली, किंवा डिस्कच्या स्मार्ट नोंदींत खराब सेक्टर वाढताना दिसले, तर सॉफ्टवेअरवर वेळ घालवणं बंद करून हार्डवेअरवाल्याला बोलवा.

स्विच तुमच्या अखत्यारीत नसेल, पोर्टावर ८०२.१एक्सची ओळख-तपासणी असेल, किंवा मशीनं आणि सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये असून मध्ये डीएचसीपी रिले (मागण्या पलीकडे पोहोचवणारा मध्यस्थ) लागत असेल, तर ते काम नेटवर्कच्या माणसाचं. त्याच्याकडे ‘नेट चालत नाही’ एवढंच घेऊन जाऊ नका. मशीनचा मॅक पत्ता, भिंतीवरच्या पोर्टाचा क्रमांक, अडकल्याची वेळ मिनिटासह, स्क्रीनचा फोटो, आणि मध्ये छोटा स्विच ठेवल्यावर चाललं की नाही, इतकं एका कागदावर लिहून द्या.